माफीची चौकट

तालुक्याच्या गावी एक जुने ग्रंथालय होते. तिथला सगळा कारभार ‘कोहा’वर चाले. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली ही प्रणाली कुणालाही फुकट वापरता येते.

देवघेवीच्या टेबलावर एक बाई बसत. दंड भरून घेणे त्यांचे काम, तो माफ करणे आतल्या सहायकांचे. सहायक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. त्यांचे खातेही बाईंकडे आले. एका खात्यातून बाहेर पडायचे, दुसऱ्यात शिरायचे. तोवर रांग ताटकळायची.

“सर, दोन्ही मिळून एकच खाते करून द्या ना,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी अधिकारांचे पान उघडले. संगणकाचे काम पाहणारा मुलगा म्हणाला, “सर, वरच्या ‘सुपरलायब्रेरियन’च्या चौकटीत खूण करा. एका खुणेत सगळे मिळेल.”

ग्रंथपालांनी ती चौकट सोडली. एकेक गट उघडून ते खुणा करत गेले. देवघेव, सभासद नोंदणी, आरक्षण, तालिका. दंडाच्या गटात ‘भरून घेणे’ला खूण केली. ‘माफ करणे’ कोरे ठेवले आणि ते काम स्वतःकडे घेतले. सहायकांचे जुने खाते बंद केले.

बाईंच्या पडद्यावरून माफीचे बटणच गेले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारचा डबा त्या दिवशी एकट्याने खाल्ला.

मार्चअखेर हिशेब लागेना. वहीपेक्षा रोकड कमी भरली. कार्यकारिणीतले एक गृहस्थ म्हणाले, “दंड घ्यायचा आणि संगणकात माफ दाखवायचा, सोपे आहे.”

ग्रंथपालांनी वर्षभरातल्या माफीची यादी छापून टेबलावर ठेवली. प्रत्येक नोंदीपुढे माफ करणाऱ्याचे नाव होते. खाती एक झाल्यापासून बाईंचे नाव एकदाही नव्हते. गृहस्थ गप्प बसले. मग वही पुन्हा तपासली, तेव्हा एकच पावती दोनदा चढलेली सापडली.

जो अधिकार मिळाला नाही म्हणून बाई हिरमुसल्या, त्याच्या नसण्यानेच त्यांचे नाव राखले. मात्र हे त्यांना आधी कुणी सांगितले असते, तर मधले महिने त्यांना मनात सल घेऊन काढावे लागले नसते.

तुमच्याकडे कुणाची दोन खाती एक करायची झाली, तर नुसती बेरीज करू नका. पैसे घेणे आणि माफ करणे एका हाती देऊ नका. आणि का देत नाही, ते त्या माणसाला त्याच दिवशी समोर बसवून सांगा.