बेटावरची ड्युटी

पोरगी नर्सिंग करून दुबईला गेली तर गावात पेढे वाटतात. लंडनला गेली तर सत्कारही होतो, हारतुऱ्यासकट. पण ती मालदीवच्या एखाद्या बेटावर, वर्षाच्या करारावर निघाली म्हटलं की पारावरच्या मंडळींची तोंडं वाकडी होतात. ‘वर्षानं काय होतंय? आणि बेटावर कशाला?’ जणू ती नोकरीला नाही, काळ्या पाण्यावर निघाली आहे.

नगर जिल्ह्याला, आता अहिल्यानगरला, नर्स नवीन नाही. मुक्तिफौजेचं बूथ हॉस्पिटल, लोणीचं प्रवरा, विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशन, ही नावं इथल्या मुलींच्या तोंडी लहानपणापासून असतात. नगरच्या ख्रिस्ती वस्त्यांत तर आजी, आई आणि नात अशा तिघी सिस्टर असलेली घरं सापडतात. शिकून झाल्यावर बऱ्याच जणी पुण्या-मुंबईला जातात, काही आखातात, आणि एखादी मालदीवला. तिथं सुमारे 1,200 बेटं आहेत, वस्ती त्यातल्या 200 हूनही कमी बेटांवर. राजधानी मालेतलं इंदिरा गांधी स्मारक रुग्णालय भारतानं बांधून दिलेलं, 1995 मध्ये सुरू झालेलं. पण इतक्या विखुरलेल्या वस्तीला पुरतील एवढ्या नर्सेस त्या देशाकडे नाहीत. म्हणून आपल्या मुली जातात. केरळच्या जास्त, मराठी थोड्या.

ओळखीच्या घरातली एक अशी गेली. गाव पाथर्डी तालुक्यातलं, उन्हाळ्यात टँकरवर जगणारं. बॅग भरताना आईनं बाजरीचं पीठ घातलं, शेंगदाण्याची चटणी घातली आणि सगळ्यात खाली, फडक्यात गुंडाळून, देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक ठेवला. मुलीनं तो हळूच काढून परत जागेवर नेला. मालदीवच्या कस्टममध्ये दारू आणि डुकराच्या मांसाबरोबर पूजेच्या मूर्तींनाही बंदी आहे. आई चिडली, ‘देवानं काय त्यांचं घोडं मारलंय का?’ मुलगी म्हणाली, ‘आई, त्यांचा नियम आहे. मी वाचलाय. उगाच विमानतळावर शोभा नको.’ मला त्या मुलीचं तिथंच कौतुक वाटलं. जिथं जायचं तिथले नियम आधी वाचणारी बाई औषधाच्या बाटलीवरचं लेबलही नीट वाचणार.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटरचं कळसूबाई, तिच्या जिल्ह्यात. आणि ती निघाली जगातल्या सर्वांत सखल देशात, जिथं जमिनीची सरासरी उंची जेमतेम दीड मीटर. पाण्याच्या बाबतीत मात्र तिला काही नवं शिकावं लागलं नाही. प्रवाळाच्या बेटावर नदी नाही की ओढा नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं, नाहीतर समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करायचं. डिसेंबर 2014 मध्ये मालेतल्या अशाच प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारतानं विमानांनी आणि ‘आयएनएस सुकन्या’ या नौकेनं पाणी पोचवलं होतं. टँकरची वाट बघत वाढलेल्या मुलीला हे कुणी फोड करून सांगायला लागत नाही.

काम कसलं असतं? शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आयसीयूची सिस्टर आयसीयूच बघते. बेटावरच्या आरोग्य केंद्रात सकाळी लसीकरण, दुपारी ड्रेसिंग, संध्याकाळी बीपी-शुगरवाली म्हातारी माणसं आणि रात्री कळा सुरू झालेली बाई, सगळं त्याच हातांनी. एखादी वस्तू संपली तर शेजारच्या वॉर्डातून आणू म्हणण्याची सोय नाही. शेजारी समुद्र आहे. मोठ्या बेटावरच्या रुग्णालयात नेमणूक झाली तर थॅलेसेमियाची लेकरं येतात. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण मालदीवमध्ये जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे, साधारण सहा माणसांमागे एक. आजार उमटलेल्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्त सुरू केलं की पहिली पंधरा मिनिटं सिस्टरनं खाट सोडायची नसते. थंडी वाजते का, अंगावर गांधी उठतात का, कंबर दुखते का, धाप लागते का, हे बघायचं. नगरला हे घोकून घेतलेलं असतं. पण तिथं लेकरू दिवेही बोलणार, आई घाबरलेली, आणि विचारायला शब्द नाहीत. मग चेहरा वाचायचा.

जे बेटावर निभत नाही ते स्पीडबोटीनं मोठ्या बेटावर, नाहीतर विमानानं मालेला. भारतानं दिलेली हेलिकॉप्टरं आणि डॉर्निअर विमान वर्षानुवर्षं असे रुग्ण वाहत आली. त्यावरून तिथं मोठं राजकारण झालं, मे 2024 पर्यंत भारतीय सैनिक परतले आणि त्यांच्या जागी आपलेच नागरी तंत्रज्ञ गेले. वरची भांडणं वर चालू राहतात. रुग्णाच्या नाकावरचा मास्क धरून रात्री धक्क्यावर बोटीची वाट बघत उभं राहायचं काम सिस्टरचंच असतं.

एवढं कौतुक केलं, आणि जामखेड आठवलं. तिथं या कौतुकाला खीळ बसते. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी आधी शिकलेल्या नर्सेसच गावांत राहायला पाठवल्या होत्या. जमलं नाही. बाहेरगावची एकटी तरुण मुलगी. तिला गावात करमेना आणि गाव तिला आपली मानेना. मग त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, काही गावकुसाबाहेरच्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि आपल्याच गल्लीत जाऊन शिकवायच्या. बाळंतपणं सुखरूप होऊ लागली, लेकरं जगू लागली. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली. म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा अनुभव सांगतो की बाहेरून आलेली नर्स माणसांच्या आत पोचत नाही.

त्याला अपवाद आहेत, पण ते स्वस्तात मिळालेले नाहीत. लिटल अंदमान बेटावरच्या डुगाँग क्रीकमध्ये ओंगे जमातीची जेमतेम शंभरेक माणसं उरली आहेत. शांती टेरेसा लाक्रा या आरोग्यसेविका तिथं कित्येक वर्षं त्यांच्यात राहिल्या. 2004 ची त्सुनामी आली तेव्हाही त्या त्या माणसांबरोबर होत्या. 2010 मध्ये त्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. पण हे वर्षाच्या करारात बसणारं काम नव्हे. एवढं सगळ्यांकडून मागणं अन्याय होईल.

मग वर्षभरासाठी गेलेल्या मुलीनं साधायचं काय? याचं उत्तर मला तिच्या रोजच्या कामातच दिसतं. ड्युटी संपताना सिस्टर ‘ओव्हर’ देते. चार नंबरची खाट, रात्री दोनला ताप एकशे दोन, गोळी दिली, पहाटे उतरला. रक्त तपासणीला गेलंय, रिपोर्ट यायचाय. मुलगा बाहेर बसलाय, त्याला अजून काही सांगितलेलं नाही. पुढची सिस्टर ऐकते, वहीत बघते, खाटेपाशी जाते. मगच पहिली घरी जाते. जगात इतका तात्पुरता व्यवसाय दुसरा नसेल. आठ तास एका माणसाचं सगळं हिच्या हाती, आणि नवव्या तासाला ती चहा घेत एसटीची वाट बघत असते. तरी रुग्णाचं काही बिघडत नाही, कारण ओव्हर नीट दिलेला असतो. बेटावरचं वर्षही तसंच धरावं, एक लांबलेली ड्युटी. कुठल्या म्हाताऱ्याला पायाची जखम आहे, कुठली गरोदर बाई तपासणीला यायला लाजते, लसींचा फ्रीज कधी दगा देतो, हे पुढच्या मुलीला सांगून ती निघाली तर वर्ष सार्थकी लागलं. तिथं दहा वर्षं राहून वही कोरी ठेवणारी माणसंही असतातच.

आणि एकेकाळी दूरचं ठिकाण आपणच होतो, हेही लक्षात असू द्यावं. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं, तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. बोस्टनहून निघालेलं शिडाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबईला लागायचं. सिंथिया फरार या अविवाहित बाई 1827 मध्ये अशा आल्या, 1839 पासून नगरला राहिल्या आणि 1862 मध्ये वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्यासाठी नगरला आल्या त्या याच बाईंकडे. पुढे 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि त्यात त्या गेल्या. ‘एकटी बाई, एवढ्या लांब कशाला?’ हा प्रश्न फरारबाईंच्या गावालाही पडला असणारच. बरं झालं, त्यांनी तो मनावर घेतला नाही.

तात्पुरती नोकरी म्हणून नाक मुरडायचं असेल तर आधी आपलं अंगण बघावं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या नर्सेस आपल्याकडेही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षं काम करतात. ऑगस्ट 2025 मध्ये राज्यभरातले हे कर्मचारी संपावर गेले, मागणी एकच मुख्य, कायम करा. आणि जोखीम म्हणाल तर तीही इथं आहेच. 6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी कोरोनाचे 11 रुग्ण दगावले. त्यानंतर अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवील. पण त्या दिवसांत नगरच्या कितीतरी घरांत मुलींना ‘ही नोकरी सोड’ म्हणून सांगितलं गेलं असेल, यात मला शंका नाही. बेटावर जाणारी मुलगी पक्की नोकरी सोडून कच्चीच्या मागे लागली, असं म्हणणाऱ्यांनी आधी तिला इथं पक्की नोकरी कुणी देऊ केली होती ते सांगावं.

तेव्हा ज्यांच्या घरातून अशी मुलगी निघाली आहे, त्यांना एवढंच सांगणं. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः बघा. शेजारच्याच्या शब्दावर जाऊ नका. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जे द्याल त्याची पावती घ्या. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका. कराराची एक प्रत घरात ठेवा, त्यात पगार, सुट्टी, राहण्याची सोय आणि परतीचं तिकीट लिहिलेलं आहे का ते मुलीकडून वाचून घ्या. आणि ती परत आली की किती आणलेस एवढंच विचारून थांबू नका. जिल्हा परिषदेच्या आणि सरकारी भरतीत बेटावरच्या त्या वर्षाला अनुभव म्हणून गुण मिळावेत, ही मागणी गावच्या ग्रामसभेतून ठराव करून पुढे पाठवा. आपल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या उपकेंद्रांना, एकटीनं सगळं निभावून आलेल्या अशाच सिस्टरची गरज आहे.