चिकटवलेली पाने

मुलांच्या वह्या तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. वही दिसली की उघडायची, ही हाताला लागलेली खोडच. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीची खासगी वही वर्गशिक्षकांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि मी ती वाचली. अर्धी मराठी, अर्धी कानडी. आईशी भांडण, मैत्रिणीचा मत्सर. आक्षेपार्ह काहीच नव्हते. वही परत घेताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. शाळा सोडेपर्यंत पाहिले नाही.

तेव्हापासून अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी शिकवताना मी अडखळतो. १२ जून १९४२ला, तेराव्या वाढदिवशी मिळालेली ती वही. महिन्याभरातच अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागच्या भागात सारे कुटुंब लपले. बाहेर युद्ध, आणि वहीत बटाटे सोलणे, कचेरीच्या वेळेत संडासात पाणी न सोडणे, लिहायच्या टेबलावरून खोलीतल्या माणसाशी तंटा.

मार्च १९४४मध्ये लंडनहून रेडिओवर एका डच मंत्र्याने लोकांना रोजनिशा, पत्रे जपून ठेवायला सांगितले. मग अ‍ॅन स्वतःच छापण्यासाठी पुन्हा लिहू लागली. तेव्हा आपण ती वाचतो यात गैर नाही, हे मला मान्य. पण पहिल्या वहीतली दोन पाने तिने तपकिरी कागद चिकटवून झाकली होती. २०१८ साली संशोधकांनी ती उलगडल्याचे जाहीर केले. निघाले काय, तर चावट विनोद आणि वयात येणाऱ्या मुलीचे कुतूहल! जगली असती, तर तिला विचारल्याशिवाय कोणी हात लावला असता का? छळछावणीत मेली म्हणून तिचे गुपित आपले झाले?

याउलट मीप गीस. ४ ऑगस्ट १९४४ला सर्वांना धरून नेल्यावर तिने जमिनीवर विखुरलेले कागद गोळा केले आणि न वाचता खणात ठेवले. अ‍ॅन परतली की तिचे तिला द्यायचे होते. पुढे तिनेच सांगितले, वाचले असते तर जाळावे लागले असते; मदत करणाऱ्यांची नावे त्यात होती.

आता अशी वही कोणी आणली, तर मी ती न उघडता मुलीला परत देतो. परवा एका तरुण शिक्षिकेने विचारले, "सर, त्यात जिवाचे बरेवाईट करण्याचे लिहिले असेल तर?"

मला उत्तर देता आले नाही. वही टेबलावरच होती.