पुलावाचून लढाई

१९९५ साली निघालेल्या आणि सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसह पाच पारितोषिके मिळविणाऱ्या ‘ब्रेव्हहार्ट’विषयी जी ऐतिहासिक चर्चा आजही चालू असते, ती बहुधा वेषभूषेपाशी सुरू होऊन तेथेच संपते, याचा मला मनापासून खेद होतो. कमरेला आवळलेले ते चौकडीचे वस्त्र चित्रपटाचा नायक, स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेस याच्या वधानंतर जवळजवळ तीन शतकांनी रूढ झाले आणि चेहऱ्यास निळा रंग फासण्याची चाल त्याच्या काळातील नव्हे, हे आक्षेप निःसंशय खरे आहेत. परंतु ते सारे मान्य करून कपडे बदलले तरी चित्रपट जसाच्या तसा उभा राहील. करमणुकीला इतिहासाचा जाब विचारू नये, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. खऱ्या राजांची नावे घेतली की जबाबदारीही आलीच.

ज्या मताचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते, ते याहून सुसंस्कृत आणि म्हणूनच अधिक घातक आहे. तपशील चुकले तरी भावार्थ खरा आहे, स्कॉटिश जनतेची स्वातंत्र्याकांक्षा चित्रपटाने अचूक पकडली आहे, असे ते मत सांगते. पण सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांची आकांक्षा आपणांस त्यांच्या कृतीवाचून अन्य कोणत्या मार्गाने कळणार आहे? ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्टर्लिंग येथे जी लढाई झाली, तिचे सारे मर्म फोर्थ नदीवरील अरुंद लाकडी पुलात होते. थोडे वर गेल्यास साठ स्वार एकाच वेळी ओलांडतील असा उतार आहे, हा सल्ला इंग्रज छावणीत दिला गेला होता. तो डावलून, विलंबाने राजाचा पैसा व्यर्थ जातो असा आग्रह खजिनदार क्रेसिंगहॅमने धरला, आणि फौज दोन-दोन स्वारांनी त्या पुलावरून जाऊ लागली. पलीकडच्या दलदलीत पुरेसे सैन्य उतरेपर्यंत वॉलेस आणि अँड्र्यू मरे थांबले आणि मग पुलाचे तोंड रोखून त्यांनी ते कापून काढले. चित्रपटात पूल नाही, मरेही नाही. आहे ते उघडे मैदान आणि एक भाषण. संयमाने, भूगोलाच्या जाणिवेने आणि दोन सेनापतींच्या एकमताने मिळालेला विजय येथे आवेशाच्या खाती जमा झाला आहे. मग भावार्थ तरी कोणता शिल्लक राहिला? चित्रपटाच्या पटकथेला आधार झालेल्या पंधराव्या शतकातील आंधळ्या हॅरीच्या काव्यात अतिशयोक्तीला सीमा नाही, तरीही सुताराकडून तो पूल आधीच कापवून ठेवल्याची कथा रचताना त्या कवीने पूल काही सोडला नाही.

या विजयानंतर बरोबर एका महिन्याने मरे आणि वॉलेस यांच्या नावे ल्यूबेक आणि हॅम्बुर्ग येथील व्यापाऱ्यांना पत्र गेले की, राज्य इंग्रजांच्या हातून सोडविले असून बंदरे आता व्यापारास मोकळी आहेत. १२९८ मधील वॉलेसचे दानपत्रही, तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या कैदेत असलेल्या राजा जॉन बेलियल याच्या नावाने निघालेले आहे. वॉलेसचे स्वातंत्र्य म्हणजे राजा, कायदा, मोहोर आणि व्यापार असलेले एक राज्य होते. चित्रपटातील स्वातंत्र्याचा उगम मात्र पत्नीच्या हत्येच्या सूडात आहे. तसा उगम दाखविण्यासाठी १२८० सालीच स्कॉटलंडला राजाविना करावे लागले, वास्तविक राजा तिसरा अलेक्झांडर १२८६ पर्यंत जिवंत होता. आणि वारसाच्या तंट्यात स्कॉटिश सरदारांनीच एडवर्डला लवाद म्हणून बोलावून १२९१ साली त्याचे अधिराज्य मान्य केले, ही लज्जास्पद परंतु निर्णायक हकीकत समूळ गाळावी लागली.

म्हणून वर्णनातील चूक आणि कारणातील चूक यांत मी कसोशीने भेद करतो. पहिलीने डोळा फसतो, दुसरीने बुद्धी. चित्रपटात वॉलेसपासून इझाबेला राणीला दिवस जातात, तो प्रसंग तारखांची चूक म्हणून हसण्यावारी नेला जातो, कारण वॉलेसच्या वधाच्या वर्षी, १३०५ साली, ती दहा वर्षांच्या आसपासची मुलगी होती आणि इंग्लंडात आली ती १३०८ साली. पण तो प्रसंग निव्वळ कालविपर्यास नव्हे. वॉलेसचे रक्त इंग्लंडच्या गादीवर बसवून पुढील सर्व राजकारणाचे एक बनावट कारण त्यात पुरविले आहे.

याच मापाने स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावरील २०१८ चा ‘आउटलॉ किंग’ हा चित्रपट मला अधिक प्रामाणिक वाटतो. १३०७ च्या लाउडन हिलच्या लढाईत त्याने युवराज एडवर्डला उभे केले आहे, जो तेथे नव्हता, आणि पहिल्या एडवर्डला लढाईपूर्वीच मारले आहे, जो त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी वारला. या चुका लहान नव्हेत. तरीही ब्रूसने खंदक खणून शत्रूच्या घोडदळाची वाट कशी अडविली, हे त्या चित्रपटाने पडद्यावर ठेवले आहे, आणि लहान फौजेने मोठ्या फौजेला का हरविले याचे उत्तर प्रेक्षकाला तेथे मिळते.