अर्धा गुण

भाचा इंदापूरहून बुद्धिबळाची स्पर्धा खेळून आला आणि भिगवणला एसटीतून उतरल्यापासून गप्पच. घरी आल्यावर विचारलं, "काय झालं रे डावाचं?"

"काही नाही मामा. बरोबरी."

ते 'काही नाही' मला लागलं. त्याच्याकडून डाव लिहिलेला कागद मागून घेतला. घामाने पार मऊ झाला होता. ओसरीवर पट मांडला. हरवलेल्या हत्तीच्या जागी बाटलीचं झाकण ठेवलं. त्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मग वजिराकडच्या उंटापुढचंही. समोरच्याने ते खाल्लं. यालाच क्वीन्स गँबिट म्हणतात. दिलेलं प्यादं फुकट जात नाही, ते सहसा परत मिळतं. पण तेवढ्यात काळ्याचं प्यादं मध्यातून हटलेलं असतं.

"अरे, दिव्या देशमुखनेही हेच केलं होतं," मी म्हणालो.

जुलै 2025, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. नागपूरची दिव्या 19 वर्षांची. समोर कोनेरू हम्पी, दिव्याच्या जन्माआधीच, 2002 साली ग्रँडमास्टर झालेली. पहिल्या डावात हम्पीने ते प्यादं घेतलं. दिव्याचं पारडं जड झालं होतं, तरी हम्पीने डाव वाचवला. बरोबरी. दुसराही बरोबरीत. 28 जुलैला जलद डाव झाले, त्यातला पहिलाही बरोबरीतच. चौथा मात्र दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. विश्वचषक तिचा झाला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळाला. निकाल लागला अडीच विरुद्ध दीड. त्या अडीचमधला दीड गुण तीन बरोबरींच्या अर्ध्या-अर्ध्या गुणांचा आहे. तीनपैकी एक डाव जरी हातचा गेला असता, तरी चौथ्या डावातल्या त्या विजयाने चषक हाती आला नसता.

भाच्याच्या कागदावर शेवटी त्याचं एक प्यादं कमी होतं. तरी त्याने आपला राजा समोरच्या प्याद्याच्या तोंडाशी नेऊन उभा केला आणि तिथून हलू दिला नाही. हे 'काही नाही' कसं?

तुमच्या घरचं पोर बरोबरी करून आलं, तर "जिंकलास का?" एवढ्यावर थांबू नका. पट मांडा आणि पहिल्या खेळीपासून डाव दाखव म्हणा.