पात्याचे पाणी

अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन अवश्य करावे, परंतु त्याला मृताच्या स्तुतिपाठाचे रूप येऊ देऊ नये, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मिस्सेच्या ग्रंथाला जोडलेल्या सूचनांत तो स्पष्टपणे नमूद केलेला आहे. शोकात बुडालेल्या कुटुंबाला हा नियम कोरडा वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. ज्या घरातून नुकतीच शवपेटी बाहेर पडली, त्या घराला आपल्या माणसाबद्दल चार बरे शब्द ऐकण्याची आस असते. परंतु नियमामागचा विचार कठोर नाही. मृत्यूच्या उंबरठ्यापलीकडे मनुष्य आपल्या सद्गुणांच्या यादीवर विसंबून उभा नसतो. तो परमेश्वराच्या दयेवर विसंबून असतो. ज्याला आपण व्यासपीठावरून आधीच संत ठरवले, त्याच्यासाठी प्रार्थना कोण करील? मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात यहूदाने रणात पडलेल्या सैनिकांसाठी यरुशलेमला अर्पण पाठविले. ते सारे निष्कलंक होते म्हणून नव्हे. त्यांच्या अंगरख्याखाली परक्या दैवतांचे ताईत सापडले होते म्हणून.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध व्यापारी निवर्तले, तेव्हा हा नियम माझ्यापुढे एका वेगळ्याच प्रश्नाच्या रूपाने उभा राहिला. त्यांचा धंदा चाकूंचा. खिशात मावणारे घडीचे चाकू हा मुख्य माल. त्याच्या जोडीला अडकित्ते, कात्र्या, विळ्यांची पाती आणि चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांना लागणाऱ्या रापी. त्यांचे नाव येथे देत नाही. दुकानावर त्यांनी स्वतःही कधी नावाची पाटी लावली नव्हती. सारा बाजार त्यांना नुसते ‘मामा’ म्हणत असे. दफनविधीच्या आदल्या रात्री त्यांचा थोरला मुलगा मला म्हणाला, “फादर, प्रवचनात बाकी काही सांगू नका. आमच्या बाबांनी कुणाला फसवले नाही, एवढेच सांगा.”

वाक्य लहान होते. पण धर्मगुरूने वेदीजवळून ते उच्चारावयाचे, तर त्याला ते ठाऊक असले पाहिजे. मामा दर रविवारी मिस्सेला येत, हे मला ठाऊक होते. गरिबांच्या पेटीत ते काय टाकीत, याचाही थोडाफार अंदाज होता. परंतु दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षांत कुणालाही फसवले नाही, हे दुसऱ्या कुणाला कसे ठाऊक असणार? “हे वाक्य मी उच्चारणार नाही, ज्याला ते ठाऊक असेल, तोच उच्चारील,” असे मी त्याला म्हटले. परमप्रसादानंतर, अंतिम निरोपाच्या प्रार्थनेपूर्वी, कुटुंबातील वा स्नेह्यांपैकी कुणी आठवणीचे दोन शब्द बोलू शकतो. ती मुभा ख्रिस्तसभेनेच ठेवलेली आहे.

चाकू ही वस्तू या प्रश्नासाठी मोठी बोलकी आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कापड घ्यावयाचे तर ते हाताने चाचपता येते, तांदूळ दाताखाली धरून पाहता येतो, गुळाचा खडा जिभेवर ठेवता येतो. चाकूचे तसे नाही. पाते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कमालीचे कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून कारागीर ते पुन्हा बेताने तापवतो. पोलादावर फिकट गवती रंग चढू लागला की हात आवरतो. रंग थोडा पुढे सरकला तर पाते मऊ पडते आणि त्याची धार वळते. अलीकडे थांबले तर धारेचे टवके उडतात. या सगळ्या प्रक्रियेला आपल्या भाषेत ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी दिल्यावर पाते घासून चकचकीत केले जाते, आणि त्या चकाकीत तो गवती रंग पुसला जातो. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली दोन पाती, एक उत्तम पाण्याचे आणि एक बिनपाण्याचे, सारखीच झळाळतात. धार तर बिनपाण्याच्या पात्यालाही लावता येते, आणि पहिला कागद तेही सुरेख कापते. फरक कळतो तो महिन्याभराने. माणसाचे ‘पाणी जोखणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण पात्याचे असो वा माणसाचे, पाणी दुकानात जोखता येत नाही.

म्हणजे चाकू विकणारा दिसते ते विकतो आणि न दिसणारे सांगतो. ग्राहक पैसे मोजतो ते त्या सांगण्यावर.

सिराखचा ग्रंथ व्यापाऱ्यांविषयी फारसा आशावादी नाही. दोन दगडांच्या फटीत जशी मेख घट्ट बसते, तसे विक्री आणि खरेदी यांच्यामध्ये पाप बसते, अशा अर्थाचे त्याचे निरीक्षण आहे. सेमिनरीत असताना मला ते अतिशयोक्त वाटे. पुढे धर्मग्रामांतून हिंडल्यावर वाटू लागले की त्या फटीचे नाव अज्ञान असावे. विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. पाप शिरते ते तेथूनच. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात व्यापारातील लबाडीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे, आणि त्याचा रोख बरोबर या फटीवर आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर तो दोष पाहणाऱ्याला दिसतोच. किंमत त्या मानाने उतरवली असेल, तर तो बोलून दाखविण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. पण दोष लपलेला असेल, आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. विक्रेत्याला दोष ठाऊकच नसेल तर? तर त्याच्याकडून पाप घडले नाही. मात्र ज्या दिवशी दोष कळेल, त्या दिवशी भरपाई करण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते.

मामांसारख्या व्यापाऱ्याला हे शेवटचे कलम लागू पडते, कारण पाणी देणारा हात त्यांचा नव्हता. ते लोहाराकडून माल घेत आणि विकत. त्या दिवशी मिस्सेनंतर बोलायला उठले ते एक चप्पल-कारागीर. ते ख्रिस्ती नव्हते आणि चर्चमध्ये कोठे उभे राहावे हेही त्यांना नीट उमगत नव्हते. ते एवढेच बोलले, “मामांकडनं रापी नेली हुती. ती बसली. म्या तक्रार केली न्हाई. माझाच हात चुकला आसंल म्हणून गप हुतो. मामांनीच माणूस धाडला, त्या खेपेचा माल वाईट निघालाय, रापी परत दे म्हणून.” इतके सांगून ते मागे जाऊन उभे राहिले.

मला वाटते, न्यायालयात असा साक्षीदार लाखात एक ठरावा. तक्रार करणाऱ्याला पैसे परत देणे हा धंद्याचा शहाणपणाही असू शकतो. त्यात बाजारातले नाव राखण्याचा हिशेब असतो. पण ज्याला आपण नागवले गेलो हेच कळलेले नाही, जो दोष स्वतःच्या हाताला देऊन गप्प बसला आहे, त्याला शोधून काढून ‘दोष तुझ्या हाताचा नाही, माझ्या मालाचा आहे’ असे सांगण्यात कोणता हिशेब असणार? पैशापेक्षाही मोठी गोष्ट त्या कारागिराला परत मिळाली होती. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास त्याला परत मिळाला होता.

याहून पुढचा एक प्रश्न प्राचीनांनी उपस्थित केला आहे. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे; एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो; मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? या वादात डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढेच सांगावे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सारे सांगावे, कारण घेणारा हा तुझा सहमानव आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूला झुकतो. संत थॉमस मात्र व्यापाऱ्याला न्यायाच्या दृष्टीने सूट देतात. सांगितले तर तो अधिक मोठा सद्गुण, इतकेच. माझे मत विचाराल तर या ठिकाणी संत थॉमस यांचा विवेक मला पटतो. न्याय सर्वांवर बंधनकारक असतो, म्हणून त्याची रेषा खालीच असावी लागते. पण एखाद्याच्या मृत्यूनंतर लोक हळहळतात, ते त्याने ती रेषा पाळली म्हणून क्वचितच. बहुधा ती ओलांडून तो पुढे गेला म्हणून.

न दिसणाऱ्या पाण्याची हमी देण्यासाठी जगाने एक युक्ती शोधली; ती म्हणजे शिक्का. इंग्लंडातील शेफील्ड हे सुऱ्याचाकूंचे जुने गाव. तेथील कारागिरांच्या संघाला १६२४ साली संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली, आणि आपापले चिन्ह पात्यावर ठोकण्याची शिस्त त्या संघाने लावली. पुढे जर्मनीतून आलेल्या स्वस्त पात्यांवरही शेफील्डचे नाव झळकू लागले. त्या तक्रारीतून १८८७ साली ब्रिटिश संसदेने मालावरील चिन्हांविषयी कायदा केला आणि परदेशी माल कोठला हे लिहिणे भाग पडले. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे लाज वाटावी म्हणून लिहावयास लावली होती. काही वर्षांत तीच अक्षरे पाहून गिऱ्हाईक माल मागू लागले! शिक्क्याने पाणी येत नाही, पाण्याने शिक्क्याला किंमत येते, हे त्या जर्मनांनी इंग्रजांना शिकविले.

आपल्या मुंबईत त्यानंतर काही वर्षांनी, १८९५ च्या सुमारास, याच शिक्क्यावरून एक धंदा बुडाला. अर्देशिर गोदरेज हा तरुण पारशी वकील १८९४ साली झांझिबारला एका खटल्यासाठी गेला होता. जे सत्य असल्याची स्वतःला खात्री नाही, ते पक्षकारासाठी मांडण्यास त्याने नकार दिला, आणि त्याची वकिली तेथेच संपली. मायदेशी परतल्यावर मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये उसने घेऊन त्याने शस्त्रक्रियेची हत्यारे बनविण्यास आरंभ केला: सुऱ्या, चिमटे, कात्र्या. औषधांच्या धंद्यातील एका इंग्रज मालकाने ती तपासली आणि उत्तम ठरविली. अडचण एकच होती. त्यांच्यावर ‘मेड इन इंडिया’ असा शिक्का असता कामा नये; तो पाहून डॉक्टर ती घेणार नाहीत. अर्देशिर शिक्का काढावयास तयार झाले नाहीत. धंदा बंद पडला. १८९७ साली त्यांनी कुलपांचा कारखाना काढला, आणि १९३६ साली ते वारले तेव्हा त्यांचे नाव घरोघरच्या तिजोरीवर होते. आपण ते नाव कुलपामुळे जाणतो. मला मात्र त्या न विकलेल्या सुऱ्यांची आठवण अधिक मोलाची वाटते. खोटे काही लिहावयाचे नव्हते. खरे तेवढे पुसावयाचे होते. आपल्यापैकी कितीजणांनी ते पुसले नसते?

कोल्हापूरकरांना या प्रश्नाची झळ अगदी अलीकडे लागली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला सादर केल्या, आणि त्यांचे मूळ गाव सांगितले नाही. ओरड झाल्यावर ते मान्य केले. रापी धरणाऱ्या हातांना त्या वेळी काय वाटले असेल, ते अर्देशिरांना समजले असते.

आता एक आक्षेप. सुज्ञ वाचकांच्या मनात तो एव्हाना आलाच असेल. चाकू शेवटी शस्त्र आहे; मग चाकू विकणाऱ्याच्या सचोटीचे एवढे कौतुक कशाला? आपल्या हिंदी चित्रपटांनी तर रामपूर या गावाचे नावच खलनायकाच्या मुठीत देऊन टाकले. (त्या गावाने २०२३ साली चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारून त्या नावाचा अभिमानही मिरविला, हा भाग वेगळा.) राज्यसंस्था या प्रश्नाला लांबी-रुंदीने उत्तर देते. शस्त्रविषयक नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत गणला, आणि त्यातून घरकाम, शेती व उद्योग यांसाठी केलेली पाती वगळली. कायद्याला पट्टी लागते. मनातील हेतू त्याला मोजता येत नाही. संत थॉमस यांचे उत्तर निराळे आहे. ज्या वस्तूचा पापाखेरीज उपयोगच नाही, ती घडविणाऱ्याला पाप लागते. परंतु तलवार किंवा बाण यांसारखी जी वस्तू भल्याबुऱ्या दोन्ही कामी येते, ती घडविण्याची कला पापमय नाही. घडविणाऱ्याला जे लागू, ते विकणाऱ्यालाही लागू धरावे. शस्त्रवैद्य, माळी, चप्पल-कारागीर, स्वयंपाक करणारी गृहिणी, या साऱ्यांना पाते हवेच, आणि ते देणाऱ्याच्या हाताला रक्त लागत नाही.

हे सामान्य तत्त्व झाले. दुकानात मात्र सामान्य मनुष्य येत नाही. एक विशिष्ट मनुष्य येतो, एका विशिष्ट संध्याकाळी, आणि कधीकधी त्याचा चेहरा तत्त्वापेक्षा अधिक बोलतो. मामांच्या शेजारच्या दुकानदारांनी मला सांगितले की, दारू प्यालेल्या किंवा रागाने थरथरणाऱ्या माणसाला मामा चाकू देत नसत. “उद्या सकाळी या,” एवढेच म्हणत. पैसे पुढे केले तरी हात लावीत नसत. सकाळी आला, तर देत. बहुतेक येत नसत. “तुम्ही दिला नाही म्हणून त्याला चाकू मिळायचा राहतो काय?” असे त्यांना कुणी विचारले असेलच. बाजारच तो, चार पावलांवर दुसरे दुकान उघडे होते, आणि तेथे तोच चाकू दोन रुपये कमी किमतीत मिळत होता, हे मामांना ठाऊक होते.