आठांच्या नावेतील माणसे

सांघिकतेचा महिमा गाणाऱ्या व्याख्यानांत अलीकडे आठ वल्हेकऱ्यांच्या नावेचा दाखला इतक्या बिनदिक्कत दिला जातो की, त्या नावेत माणसे बसलेली असतात याचाच वक्त्यांना विसर पडला असावा. प्रत्येकाने आपले वेगळेपण काठावर उतरवून ठेवावे, सुकाणू धरून बसलेल्या कॉक्सचा हुकूम मुकाट्याने तामील करावा, म्हणजे जय ठेवलेलाच, असा या प्रतिपादनाचा मथितार्थ. निको रीन्क्स या डच वल्हेकऱ्याची कारकीर्द ज्याने थोडी बारकाईने पाहिली असेल, त्याच्या गळी ते उतरणे कठीण.

रीन्क्सने पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक 1988 साली सोल येथे मिळवले ते रोनाल्ड फ्लोरेनच्या साथीने, दोघांच्या नावेत, प्रत्येकी दोन वल्ह्यांनी. 1991 चे व्हिएन्नातील जागतिक विजेतेपद आणि पुढल्या वर्षीचे बार्सिलोनाचे कांस्य हेन्क-यान झ्वोलेबरोबर, त्याच प्रकारात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हे तिघेही एकेक वल्हे घेऊन आठांच्या नावेत बसले आणि जर्मनांना मागे टाकून सुवर्णाचे मानकरी झाले. हॉलंडातले कालवे आणि तेथल्या माणसांची उंची यांवर या यशाचा हवाला ठेवणाऱ्यांना इतकेच विचारावे की, दोन्ही गोष्टी पूर्वापार असताना आठांच्या नावेचे सुवर्ण त्या देशाला तोवर एकदाही का लाभले नव्हते?

वल्हे पाण्यात असते तेव्हाच नाव सर्वांत वेगाने धावते, ही काठावरच्या प्रेक्षकाची समजूत. वस्तुतः वल्ही बाहेर निघाल्यावर, आठही जण गुडघे मिटवीत सरकत्या बैठकींवरून नावेच्या मागच्या टोकाकडे येत असताना, तिचा वेग परमावधीला पोचतो. आणि नेमका त्याच वेळी एखादा घाईने सरकला, तर पायांखालच्या फळीवर त्याचा भार अवेळी आदळून धावत्या नावेला खीळ बसते. शर्यतीत सेकंदाच्याही आत आटोपणाऱ्या या अवकाशावर कॉक्सचा अंमल चालत नाही, कारण हुकूम कानी पडून त्याची तामिली होईतो वेळ निघून गेलेली असते. तेथे ज्याच्या त्याच्या तळपायालाच नावेची चाल उमगावी लागते. दोघांच्या नावेत ही चूक तत्काळ अंगावर येते, आठांच्या नावेत ती सातांच्या आड सहज लपते. म्हणून हे शिक्षण लहान नावेतच पक्के होते, असे मला वाटते.

वेगळेपण काठावर ठेवायला सांगणारे हे वक्ते यावर म्हणतील की, वल्हेकरी अखेर पाठमोरे बसतात, पुढचे दिसते ते एकट्या कॉक्सला, तेव्हा विश्वासाने आज्ञा पाळण्यावाचून त्यांना गत्यंतर काय? पण कॉक्स दिशा राखतो आणि ताल मोजतो. समोरच्याच्या पाठीचा हेलकावा, मागे पडत चाललेल्या पाण्यावरची वल्ह्यांची वर्तुळे, बुडाखालच्या लाकडाचा किंचित कल, ही कैफियत ज्याची त्यानेच वाचायची असते. यालाच मी अनुसंधान म्हणतो, आणि ते आज्ञाधारकतेहून निराळे आहे.

रीन्क्सला 2000 साली सिडनीत पदक मिळाले नाही, तेव्हा अनुसंधान ही काही विजयाची सनद नव्हे, हे मान्य. आठांच्या नावेत निव्वळ बळालाही मोठे मोल आहे, हेही मान्य. तरीसुद्धा आज्ञाधारक माणूस आवाजाला उत्तर देतो आणि अनुसंधान राखणारा नावेला, हा भेद त्यामुळे पुसला जात नाही. व्याख्यात्यांना आपल्या सिद्धांतासाठी आठांचीच नाव हवी असेल तर ती त्यांनी खुशाल घ्यावी, पण अटलांटाची मात्र घेऊ नये. तिच्यातले निदान तिघे स्वतःचे वल्हे स्वतः ऐकायला शिकून आलेले होते.