बेवारशी म्हणजे कोणाचे?

ज्या वस्तूला धनी नाही ती उचलली तर चोरी होते का? प्रश्न जुना आहे आणि आपण त्याचे उत्तर नेहमी सोयीने देत आलो आहोत. रस्त्यात पडलेले नाणे आपण खुशाल खिशात टाकतो. पाकीट सापडले तर मात्र आत कोणाचे नाव आहे का ते पाहतो. नाव सापडले की मन बांधले जाते, न सापडले की मोकळे सुटते. मग आपला प्रामाणिकपणा केवळ धन्याच्या ओळखीवरच उभा आहे की काय?

हिमालयातल्या एका तळ्याने हा प्रश्न फार कठोर रूपात विचारला आहे. गढवालात, त्रिशूळ पर्वताच्या कुशीत, सुमारे ५,००० मीटर उंचीवर रूपकुंड आहे. वर्षातले बहुतेक महिने ते गोठलेले असते. आपल्याकडे चैत्रात पालवी फुटते. वसंताला तिथवर चढून जायला ज्येष्ठ उजाडतो. त्या दिवसांत तेथे जायचे तर पहाटेच्या अंधारातच निघावे लागते. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट झालेले असते, पाऊल वर ठरते. ऊन चढले की तेच बर्फ भुसभुशीत होऊन माणूस गुडघाभर रुततो. धापा टाकीत वर पोचावे, तो समोर जेमतेम चाळीस मीटर रुंदीची एक पांढरी वाटी. सारे शुभ्र, सारे निःशब्द. पायाखाली काय आहे ते बर्फ सांगत नाही. ते सांगते ऊन, काही आठवड्यांनी. बर्फ ओसरले की काठावर आणि उथळ पाण्यात माणसांची हाडे दिसू लागतात.

१९४२ साली एका वनाधिकाऱ्याने ती पाहिली आणि जगाला हे तळे ठाऊक झाले. शेकडो माणसांचे ते अवशेष. पहाडातले लोक एका राजाची कथा सांगतात: तो नंदादेवीच्या यात्रेला नर्तकी घेऊन निघाला, देवी कोपली आणि गारांच्या माऱ्यात सारा लवाजमा गारद झाला. २०१९ साली ३८ जणांच्या हाडांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांचाही तीत वाटा होता. त्यांपैकी २३ जण भारतीय वंशाचे, सुमारे इ. स. ८०० च्या आगेमागचे निघाले. परंतु १४ जणांचे नाते थेट ग्रीस-क्रीटकडच्या लोकांशी जुळले, आणि त्यांना मरून उणीपुरी दोनशेच वर्षे झाली होती! ती माणसे इतक्या दूर, इतक्या उंच कशासाठी आली, हे कोडे अजून सुटलेले नाही.

आता आपला प्रश्न. गेल्या काही दशकांत तिथे जाणाऱ्यांपैकी कित्येकांनी आठवण म्हणून एखादे हाड पिशवीत घालून घरी नेले. त्यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण ती तुमच्याआमच्यासारखीच माणसे. त्यांचा युक्तिवादही ऐकण्यासारखा आहे. मेलेल्याला त्याचा काय उपयोग? वारस तर कोणीच नाही. आणि शास्त्रज्ञांनी नेले ते चालते, मग आम्ही नेले तर काय बिघडले?

शेवटचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण शास्त्रज्ञाने हाड हाती घेऊन विचारले, 'बाबा, तू कोण? कुठचा?' त्याच्या कष्टांमुळे हरवलेल्या माणसाला निदान आपला देश परत मिळाला. दिवाणखान्याच्या फळीवर ठेवलेले हाड एवढेच बोलते की 'मी तिथे जाऊन आलो'. त्यात मेलेल्याची विचारपूस कुठेच नाही. शास्त्रज्ञालाही मर्यादा हवीच. परंतु दोघांच्या हेतूंतले हे अंतर लहान नाही.

आणि वारस नाही हे तरी कोणी ठरवले? त्या चौदा जणांची कोणीतरी घरी वाट पाहिली असेलच. दार किती वर्षे उघडे ठेवले असेल, कोण जाणे! वारसाला पत्ता लागला नाही, म्हणून वारस नव्हता असे होत नाही.

आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. भीष्माला मूलबाळ नव्हते. म्हणून त्याचे तर्पण सर्वांनीच करावे अशी रीत पडली. ज्याचे कोणी नाही त्याचे आपण सगळे, असा तिचा सरळ अर्थ. बेवारशी या शब्दाचा आपण लावतो त्याच्या नेमका उलट!

त्या उंचीवर पहाटे ना पोलीस असतो, ना शेजारी. हाड उचलले तरी कोणी पाहत नाही आणि जागच्या जागी ठेवले तरी कोणी शाबासकी देत नाही. पुढच्या हिवाळ्यात बर्फ दोन्ही गोष्टी सारख्याच झाकून टाकील. अशा जागी माणूस जे करतो तेच त्याचे खरे. मला वाटते, बेवारशी वस्तू ज्याच्या दृष्टीस पडते तोच तेवढ्यापुरता तिचा राखणदार होतो. पाहण्याबरोबर ही जबाबदारी आपोआप अंगावर येते. ती नको असेल तर डोळेच मिटून घ्यावे लागतील.

कार्तिकात आपण दारी आकाशदिवा लावतो. पितरांना वाट दिसावी, ही त्यामागची जुनी समजूत. आपण दिवा आपल्या पितरांसाठी लावतो खरा. पण त्याचा उजेड वाटेवरच्या प्रत्येकालाच मिळतो, आणि तो कोणाचा कोण, हे दिवा विचारीत नाही.